ब्रीदरचं तेल अडवणारा डबा

टर्बोकडे हवा नेणाऱ्या जाड रबरी पाइपचा क्लॅम्प सैल करा, पाइप काढा आणि आतून एक बोट फिरवा. डिझेल गाडी जुनी असेल तर बोट काळं, चिकट होऊन बाहेर येईल. हवा तर फिल्टरमधून गाळून आलेली, मग हे तेल कुठलं? पहिला संशय टर्बोवर जातो. पुष्कळदा तो उतरवून कारागिराकडे पाठवलाही जातो, आणि महिन्याभरात पाइप पुन्हा तसाच तेलकट होतो. कारण त्याच पाइपला, टर्बोच्या वीतभर अलीकडे, टॅपेट कव्हरवरून आलेली अंगठ्याएवढ्या जाडीची एक नळी जोडलेली असते. बहुतेक वेळा तेल त्या नळीतून येत असतं. तिला ब्रीदर म्हणतात.

पिस्टनच्या रिंगा कोऱ्या असल्या तरी स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये याला ‘बॅक कंप्रेशन’ म्हणतात. त्या वायूला वाट हवी, म्हणून ब्रीदर. पण चेंबरमध्ये क्रँक मिनिटाला हजारो फेरे मारत तेल घुसळत असते. त्या तेलाचं बारीक धुकं, थोडी पाण्याची वाफ आणि न जळलेलं डिझेल हे सगळं वायूबरोबर वर जातं. पूर्वीच्या गाड्यांत ही नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची. जुन्या ट्रॅक्टरवर आणि टर्बो नसलेल्या जुन्या जीपवर ती आजही तशी दिसते, खाली चासीवर तेलाचा ओघळ सोडत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियापासून, ती इंजिनाच्या हवेच्या वाटेत परत जोडायची पद्धत पडली. हवा स्वच्छ राहावी हा हेतू, आणि तो योग्यच होता. मात्र त्यामुळे जुन्या इंजिनाचं तेल त्याच्याच फुप्फुसात जायला लागलं.

ते तिथे काय करतं? इंटरकूलरच्या तळाशी साठतं आणि त्याची थंड करण्याची ताकद कमी करतं. रबरी पाइप आतून फुगवून मऊ करतं. ज्या गाडीला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी वाट, आहे तिथे काजळीत मिसळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर धरतं. मी असा एक मॅनिफोल्ड स्क्रू ड्रायव्हरने खरवडलेला आहे, त्याचं भोक निम्म्यावर आलं होतं. पेट्रोल इंजिनात तेल मिसळल्याने जळणाची ऑक्टेनची ताकद घटते आणि चढावर इंजिन खडखडायला लागतं.

यावर उपाय म्हणजे ब्रीदरच्या वाटेत एक डबा बसवायचा. वायू पुढे जावा, तेल डब्यात राहावं. बाजारात असे डबे तयार मिळतात, पण स्वस्तातले बरेचसे आतून नुसते पोकळ असतात. नळी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मधे काहीच नाही. असा डबा बोनेटखाली चमकतो, तेल मात्र फारसं पकडत नाही. गावातल्या लेथवाल्याकडे आणि वेल्डरकडे एक दिवस घालवून यापेक्षा पुष्कळ चांगला डबा करता येतो.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. डबा हा इंजिनाचा इलाज नाही. रिंगा गेल्या असतील तर त्या डब्याने परत येत नाहीत. डबा पुढच्या भागांना तेलापासून वाचवतो, आणि इंजिन दर हजार किलोमीटरला किती तेल फेकतं हे आकड्यात दाखवतो. जुन्या गाडीच्या मालकाला तो आकडा फार मोलाचा आहे.

म्हणून काम सुरू करण्याआधी बॅक कंप्रेशन पाहा. इंजिन गरम करा, गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ऑइल भरायचं झाकण काढून ते भोकावर उलटं ठेवा. झाकण किंचित थरथरलं तर काळजी नाही. ते उडून पडलं, डिपस्टिकच्या नळीतून भकाभक धूर यायला लागला, तर आधी इंजिनाकडे पाहायला हवं.

पण लगेच ‘इंजिन काम’ काढायलाही जाऊ नका. चेंबरमध्ये दाब वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या फार वेळा नजरेतून सुटतात. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. तो बूस्टरमधली हवा ओढतो आणि तेलाबरोबर चेंबरमध्ये सोडतो. बूस्टरचा पडदा फाटला किंवा नळी चिरली, तर पंप दिवसभर बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये ढकलत राहतो. ब्रीदरमधून धो धो वारा येतो आणि दोष रिंगांवर जातो. गाडी उभी असताना पंपाकडची व्हॅक्यूम नळी काढून पंपाचं तोंड क्षणभर बंद करा. ब्रीदरचा जोर एकदम उतरला तर गुन्हेगार सापडला. नळी पुन्हा जोडल्याशिवाय गाडी जागची हलवू नका, ब्रेक दगडासारखा कडक होतो. दुसरी गोष्ट टर्बोची. त्याच्या शाफ्टचं सील झिजलं की दाबाचा वायू तेलाच्या परतीच्या नळीतून खाली चेंबरमध्ये येतो. आणि ब्रीदरमधून तेल येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ते जास्त भरणं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर क्रँक त्यात आपटते आणि फेस ब्रीदरवाटे बाहेर पडतो. तेवढं तेल काढून टाकल्यावर डबा लागणारही नाही, असं होऊ शकतं.

आता डबा. मी माझ्या जुन्या टर्बो डिझेल जीपसाठी केलेल्याची मापं देतो. इंजिन अडीच लिटरचं, किलोमीटर अडीच लाखांच्या पुढे.

तीन इंची लोखंडी पाइपचा २०० मिमी लांबीचा तुकडा घ्या. त्याचा आतला व्यास साधारण ८० मिमी भरतो, म्हणजे डब्यात जवळपास एक लिटर मावतं. पाइप काळा, साधा असावा. जीआय म्हणजे जस्त चढवलेला नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो. स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा जाड पाइप मिळाला आणि जवळ आर्गन वेल्डिंगवाला असेल तर उत्तमच. पीव्हीसीच्या पाण्याच्या पाइपचे डबे मी पाहिले आहेत. बोनेटखालच्या उष्णतेत ते मऊ पडतात, वाकडे होतात. ते करू नका. पाण्याची स्टीलची बाटली वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो, मीही तिथूनच सुरुवात केली होती. तिचा पत्रा पातळ असतो आणि खराब रस्त्यावर नळीच्या जोडापाशी बारीक तडे जातात. गरम-गार ठेवणारी दुहेरी भिंतीची बाटली तर उलट काम करते, कारण आपल्याला आतला वायू थंड व्हायला हवा आहे.

वायूतून तेल वेगळं होतं ते तीन कारणांनी. वेग मंदावला की थेंब खाली बसतात. वायूला वळण दिलं की तो वळतो, पण जड थेंब सरळ जाऊन भिंतीला चिकटतो. आणि थंड धातूला लागून वाफ ओली होते. ब्रीदरची नळी आतून २२ मिमीची धरली तर ८० मिमीच्या डब्याचं क्षेत्रफळ तिच्या तेरापट आहे. म्हणजे वायू डब्यात शिरताच त्याचा वेग तेराव्या हिश्शावर येतो. पोकळ डब्यात मात्र वायू या जागेचा उपयोगच करत नाही. तो वरच्या वर, आत येणाऱ्या तोंडातून बाहेर जाणाऱ्या तोंडाकडे सरळ निघून जातो. म्हणून आतली रचना महत्त्वाची.

तळापासून ६० मिमीवर २ मिमी जाड पत्र्याची गोल जाळी बसवा, ६ मिमीची चाळीसेक भोकं पाडून. तिच्याखाली जमलेलं तेल गाडी हिंदकळली तरी वर उसळत नाही, आणि तिथे ३०० मिली मावतं. आत येणारी नळी झाकणातून खाली उतरवा आणि पहिल्या जाळीच्या ३० मिमी वर थांबवा. तिचं टोक तिरकं कापून भिंतीकडे तोंड करा, म्हणजे वायू भिंतीवर आदळेल. तळापासून १२० मिमीवर तशीच दुसरी जाळी, नळी जाण्यापुरतं भोक ठेवून. तिच्यावर भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्या सैल पसरा, ५० मिमी उंचीपर्यंत, आणि वर तिसरी जाळी ठेवून त्या दाबून धरा. आता वायूला खाली जाऊन, वळून, घासण्यांमधून वर चढून मगच बाहेर जाता येतं. चाळीस भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या जवळपास तिप्पट होतं, त्यामुळे वायू कुठे अडत नाही.

घासणी निवडताना फार जपा. जाड, चपट्या, वेटोळ्या तारेची चकचकीत घासणी हवी, चुंबक लावून पाहा, चांगल्या स्टीलला तो जेमतेम धरतो. केसासारखी बारीक लोखंडी लोकर अजिबात नको. तिचे तुकडे सुटतात, आणि पुढे टर्बोची पंख्यासारखी नाजूक पाती फिरत असतात. स्पंजही नको, गरम तेलात त्याचा चुरा होतो.

झाकण वेल्ड करून कायमचं बंद करू नका. वर कडं वेल्ड करून ६ मिमीचे सहा बोल्ट द्या आणि मधे तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचं किंवा कॉर्कचं पॅकिंग घाला. घासण्या वर्षातून एकदा डिझेलमध्ये धुवायच्या असतात, तेव्हा हे उपयोगी पडतं. बाहेर जाणारी नळी झाकणावरच, पण आत येणाऱ्या नळीच्या विरुद्ध कडेला घ्या. दोन्ही नळ्यांच्या टोकांना लेथवर बारीक उंचवटा करून घ्या, त्याशिवाय पाइप निसटतो. तळाला पाव इंची बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या तोंडात आटे पाडलेला प्लग. प्लग आळस म्हणून टाळू नका. एखाद्या दगडाने व्हॉल्व्हचा दांडा उघडला तर ते तेल रस्त्यावर, मागून येणाऱ्या दुचाकीखाली सांडेल. मोटार शर्यतींत या डब्याची सक्ती आहे ती याच कारणाने. तिथल्या आंतरराष्ट्रीय नियमांत २००० सीसीपर्यंतच्या गाडीला किमान २ लिटरचा आणि त्यावरच्या गाडीला ३ लिटरचा डबा सांगितला आहे. शर्यतीत इंजिन सतत लाल रेषेजवळ असतं. आपल्या वापराला एक लिटर पुरतो, मात्र तो वेळेवर रिकामा करायला हवा.

वेल्डिंग झाल्यावर डबा आतून स्वच्छ करायला जितका वेळ वेल्डिंगला लागला तितकाच द्या. वेल्डिंगचे मणी आणि खवले छिन्नीने उडवा, तारेच्या ब्रशने घासा, डिझेलने धुवा, हवेने फुंका, आणि पांढऱ्या फडक्यावर उपडा करून ठोका. फडक्यावर कण पडायचे थांबेपर्यंत हे परत परत करा. आतून रंग मारू नका, तेलाने त्याची सालं निघतात. मग एक तोंड बंद करून दुसरीकडून सायकलच्या पंपाने बेताची हवा भरा आणि जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा दिसला तर परत वेल्डरकडे.

बसवताना डबा इंजिनावर नको, बॉडीच्या बाजूला हवा. इंजिन हलतं, बॉडी वेगळी हलते, आणि भरलेला डबा दोन-अडीच किलोचा असतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला किंवा फायरवॉलवर, टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, जिथे हवा लागते अशी जागा पाहा. उंची अशी की ब्रीदरकडून डब्याकडे नळीला सतत उतार राहील. हे वाक्य मी अनुभवाने लिहितो आहे. माझ्या पहिल्या डब्याची नळी मधे झोळीसारखी लोंबत होती. पावसाळ्यात त्या झोळीत तेल-पाण्याचा गोळा साचला आणि इंजिनाचा श्वास कोंडला. चार दिवसांत गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेल टपकायला लागलं. क्रँकचं मागचं सील गेलं होतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागला. एका क्लॅम्पने नळी वर उचलून धरली असती तर हे घडलं नसतं.

नळी ब्रीदरच्या मूळ मापापेक्षा बारीक कुठेही होता कामा नये. यासाठीच एअर कॉम्प्रेसरची पाणी वेगळं करणारी छोटी गाळणी मी डिझेलला सुचवत नाही, त्यांची तोंडं फार लहान असतात. पाइप आतून नायट्राइलचा, तेलासाठी बनवलेला घ्या. रेडिएटरचा साधा पाइप तेलाने फुगतो, आणि बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी महिन्यात काचेसारखी कडक होते. डब्यातून निघालेली नळी परत टर्बोच्या आधी जिथे मुळात होती तिथेच जोडा. ती मोकळी सोडून त्यावर छोटा फिल्टर लावण्याची टूम आहे. तिने केबिनमध्ये वास येतो आणि जी घाण हवेत जाऊ नये म्हणून ही रचना आली तीच पुन्हा हवेत जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीतल्या बदलांवर मर्यादाही घातल्या आहेत. मूळ बंदिस्त वाट तशीच ठेवून मधे डबा घालणं आणि वाटच उघडी पाडणं यात फरक आहे, पहिलंच करा.

वाट मोकळी आहे ना, हे पाण्याच्या नळीने तपासता येतं. दोन मीटर पारदर्शक नळी यूच्या आकारात वाकवून पाटीवर बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवा. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक म्हणजे चेंबरमधला दाब. डबा लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा, गाडी उभी, इंजिन गरम, त्याच वेगावर बघा. माझ्याकडे फरक दोन-तीन मिलिमीटरने वाढला, तेवढा चालतो. तो दुप्पट झाला तर घासण्या फार दाबून भरल्या आहेत किंवा नळी कुठे तरी चिमटली आहे.

पेट्रोल गाडीचं गणित वेगळं आहे. तिथे ब्रीदरचा वायू पीसीव्ही नावाच्या व्हॉल्व्हमधून जातो, आणि या व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या नळीत इंजिनाची जबर ओढ असते. घाट उतरताना पाय उचलला की ती सगळ्यात जास्त. पातळ पत्र्याचा डबा तिथे चेपतो, आणि सुईएवढी गळती झाली तरी आयडलिंग बिघडतं. डबा जाड हवा, व्हॉल्व्हच्या पुढे, मॅनिफोल्डच्या आधी. ७९६ सीसीच्या जुन्या मारुती ८०० सारख्या लहान इंजिनाला पाव लिटरचाही पुरतो. यातल्या तेलात पेट्रोल असतं, म्हणून रिकामा करताना इंजिन थंड आणि आसपास विडी-सिगारेट नाही. भारत स्टेज ६ च्या म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना हात लावू नका. त्यांचा तेल वेगळं करायचा बंदोबस्त आणि सेन्सर त्यांच्यापुरते जुळवलेले असतात.

डिझेलवाल्यांनी एक धोका नीट समजून घ्यावा. डिझेल इंजिनाला हवा आणि जळण मिळालं की ते फिरतं. जळण पंपातून आलं की ब्रीदरमधून, त्याला सारखंच. डबा काठोकाठ भरला आणि चढावर ते सगळं तेल एकदम ओढलं गेलं, तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो, मागे निळसर पांढऱ्या धुराचे लोट. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमत नसेल तर हवेच्या नळीच्या तोंडावर जाड फळी दाबायची. हात नाही, फडकं नाही. दोन्ही आत ओढले जातात. हे कधी करावंच लागू नये म्हणून पहिल्यांदा ५०० किलोमीटरला, आणि नंतर किती जमतं ते पाहून, डबा रिकामा करत राहा. एक तृतीयांशाच्या वर तो भरू देऊ नका.

डब्यातून निघेल ते मोजपट्टी असलेल्या बाटलीत घ्या. औषधाच्या दुकानातली १०० मिलीची चालते. रंग बघा. काळं आणि पातळ असेल तर त्यात डिझेल उतरलंय, नोझल तपासून घ्या. पावसाळ्यात, विशेषतः रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, ते कॉफीसारखं दुधाळ निघतं. ती वायूबरोबर आलेल्या वाफेची ओल आहे, लांबचा एक फेरा मारला की कमी होते. उन्हाळ्यातही दुधाळ निघालं आणि रेडिएटरचं पाणी उतरत असेल, तर मात्र हेड पॅकिंगकडे लक्ष द्या. लडाखकडे निघणाऱ्यांनी निघण्याआधी आणि वाटेत रोज डबा पूर्ण रिकामा करावा, नळीवर जाड रबराचं आवरण घालावं. शून्याखाली त्यातलं पाणी गोठलं की ब्रीदर बंद, आणि पुढचं सीलचं प्रकरण वर सांगितलंच आहे.

निघालेलं तेल पुन्हा इंजिनात ओतायचं नाही. त्यात पाणी, आम्ल आणि जळण असतं. जमिनीवर, गटारात किंवा विहिरीच्या कडेला तर नाहीच. गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या, आणि हाताला मोजे घाला.

माझ्या जीपच्या कप्प्यात एक छोटी वही आहे. पहिल्या हजार किलोमीटरला ४० मिली, पुढच्याला ४५. जुलैत ७०, पण त्यात निम्मं पाणी. मग एका दिवाळीनंतर आकडा थेट १३० वर गेला. मिस्त्रींनी वही पाहिली आणि रिंगांचा विषय काढण्याआधी बूस्टरची नळी काढली. ती वाकणाच्या जागी बोटाच्या पेराएवढी चिरलेली होती. नळी बदलली, आणि पुढच्या हजारला पुन्हा ४२.